रिळाचा हत्ती

आमच्या सांगलीच्या घरी बुद्धिबळाचा जो संच होता, त्यातला एक काळा हत्ती कधी हरवला हे कुणालाच आठवत नाही. मला कळायला लागल्यापासून त्याच्या जागी शिवणयंत्राच्या दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ उभं असायचं. नानाकाकांनी ते शाईत बुडवून काळं केलं होतं. मे महिन्यात ओसरीवर खेळताना हाताला घाम आला, की रीळ उचलणाऱ्याची बोटं निळी व्हायची. रात्री पानावर बसलं की काकूला न विचारता कळायचं, आज काळ्या मोहऱ्यांनी कोण खेळलं ते.

नानाकाका पाटबंधारे खात्यात होते. पावसाळ्यात त्यांची झोप कृष्णेच्या हातात असायची. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ. काका म्हणायचे, ४५ ला धावाधाव करणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, पण जे काय करायचं ते पाणी २० फुटांवर असतानाच करून ठेवायचं असतं. तेव्हा मला हे सरकारी माणसाचं रडगाणं वाटायचं.

लहानपणी विषमज्वर झाल्यापासून त्यांना ऐकू कमी यायचं. शर्टाच्या खिशात श्रवणयंत्राची डबी, तिच्यातून निघालेली वायर कानात, आणि डबीला आवाज कमीजास्त करायचं एक छोटं चाक. डाव रंगात आला की त्यांचा अंगठा हळूच खिशात जायचा. चाक फिरायचं. स्वयंपाकघरातून काकूचा आवाज यायचा, “बंद केलं वाटतं ते खोकं!” काका पटावरून मान वर काढायचे नाहीत.

मी बुद्धिबळ शिकले ते या माणसाकडून. ते दिवस तसे बरे होते. नीलकंठ खाडिलकरांच्या तिघी मुलींची नावं घरोघरी झाली होती. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली वासंती खाडिलकरनं जिंकली, आणि १९७६ साली रोहिणी, तेरा वर्षांची पोर, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन बसली. त्यामुळे “मुलीच्या जातीला हे कशाला” असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला काका नुसतं पेपरातलं कात्रण दाखवायचे. शिवाय आमचं गाव या खेळासाठी वेडं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना बाहेरगावची मंडळी वळकट्या घेऊन यायची. आम्ही खिडकीतून बघायचो.

काकांची एक लांबोडकी खातेवही होती. तिच्यात त्यांनी जगभरचे डाव उतरवलेले होते, स्वतःच्या लिपीत. रा म्हणजे राजा, व म्हणजे वजीर, ह, उं, घो. तेव्हाच्या जुन्या पद्धतीप्रमाणे घरांची नावंही मोहऱ्यांवरून: रा४, वघो३ वगैरे. (मी पुढं आताची पद्धत वापरते: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८.) वहीतले निम्मे डाव एकाच माणसाचे होते, सोव्हिएत संघाच्या एका माजी जगज्जेत्याचे. तिग्रान पेट्रोस्यान. काका त्याला ‘पेट्रोशन’ म्हणायचे, जणू तो मिरजेच्या पलीकडे राहतो.

मला तो अजिबात आवडायचा नाही. माझा देव मिखाईल ताल. रीगाचा, १९६० साली तेविसाव्या वर्षी जगज्जेता झालेला, मोहरी उधळून राजाच्या अंगावर धावून जाणारा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय हवं असतं? पेट्रोस्यानचे डाव म्हणजे मला उन्हाळ्यातली दुपार वाटायची. कुणी काही करत नाही, कुणी काही बोलत नाही, आणि चाळिसाव्या खेळीला समोरचा हात मिळवून उठून जातो. का उठला, हेच कळायचं नाही.

एकदा मी चिडून विचारलं, “नाना, हा माणूस हल्ला का करत नाही?”

“समोरच्याला करू देत नाही, हे दिसतंय का तुला?”

“पण स्वतः?”

“आधी ते दिसू दे.”

ते दिसायला मला पंचवीसेक वर्षं लागली.

पेट्रोस्यानचा जन्म १७ जून १९२९ चा, तिबिलिसीचा. म्हणजे गाव जॉर्जियाचं आणि घर आर्मेनियन. वडील वार्तान लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबाच्या इमारतीची देखभाल करायचे. मुलगा बाराव्या वर्षी पायोनिअर राजवाड्यात, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी छंदवर्गात, आर्चिल एब्रालिद्झे यांच्याकडे रीतसर शिकायला लागला. मग महायुद्ध आलं, आणि त्या काळात आधी आई गेली, मागोमाग वडील. पोरगा रस्ते झाडायला लागला. पुढं जगज्जेता होऊन गेल्यावर एका मुलाखतीत त्यानं त्या हिवाळ्याबद्दल सांगितलं होतं. यंत्रं नव्हती, सगळं हातानं. अंगात ताकद नव्हती, म्हातारे झाडूवाले मदत करायचे. पहाटे रस्ता रिकामा असे तोवर ठीक चालायचं, पण उजाडून माणसं बाहेर पडायला लागली की लाज वाटायची. आजारी पडला, शाळेचं एक वर्ष गेलं. वडिलांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं, पाव खाऊ घालून जगवलं. कानांचं दुखणं सुरू झालं ते तेव्हाच. कसं झालं ते त्याला नीट आठवतही नव्हतं.

इथं एक सोपा रस्ता समोर येतो: अनाथ, उपाशी मुलगा, म्हणून भित्रा खेळ, म्हणून बचाव. मीही कधीकाळी असंच बोलून गेले आहे. आता ते मला पटत नाही. त्याच शहरात, त्याच युद्धात पोरकी झालेली कितीतरी पोरं असतील. ती सगळी काही अशी खेळली नाहीत. पोटाला चिमटा घेऊन त्यानं जे पुस्तक विकत घेतलं ते निम्झोविचचं होतं, प्रतिस्पर्ध्याचा बेत उगवायच्या आत कसा खुडायचा हे शिकवणारं. पण त्याच्यावर तितकाच परिणाम झालेलं दुसरं पुस्तक होतं रुडॉल्फ स्पीलमानचं, बलिदानाच्या कलेवरचं. मोहरी फेकायला कधी हात आखडता घ्यायचा नाही, हे शिकवणारं. या दोन पुस्तकांचं एकाच डोक्यात काय झालं असेल, हा मला त्याच्या भुकेपेक्षा जास्त कुतूहलाचा प्रश्न वाटतो.

१९४६ मध्ये तो येरेवानला गेला, मग मॉस्कोला. १९५२ मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि त्याच वर्षी रोनाशी लग्न. पुढच्या वर्षी झुरिकची आव्हानवीरांची स्पर्धा झाली (जगज्जेत्याशी कोण खेळणार ते हिच्यातून ठरायचं), आणि तिथं तो डाव झाला, जो काकांच्या वहीत लाल शाईनं चौकट मारून ठेवला होता.

समोर सॅम्युअल रेशेव्स्की, अमेरिकेचा. आठव्या वर्षापासून देशोदेशी खेळून कसलेला माणूस. त्याच्या पांढऱ्या प्याद्यांची जोडी पटाच्या मधोमध डी आणि ई पट्टीवर येऊन ठाकलेली, मागं दोन्ही हत्ती, बाजूला उंट. एवढी प्यादी दोन घरं पुढं सरकली की काळ्याचं काम संपलं. काळ्याकडे एकच आशा, सी६ वरचा घोडा. तो कसाबसा डी५ वर पोचला तर दोन्ही प्यादी जागच्या जागी थिजणार. पण डी५ ला जायची वाट ई७ वरून, आणि ई७ वर काळ्याचाच हत्ती बसलेला. हत्ती बाजूला न्यावा तर मधल्या काळात प्यादी सुटतात.

वहीत लिहिलं होतं: २५. … ह–रा३.

हत्ती एकच घर पुढं, काळ्याकडून मोजलं तर तिसऱ्या ओळीत. ई६ वर. पांढऱ्या उंटाच्या थेट तोंडी.

काका ही खेळी दाखवताना रीळ उचलायचे. कायम रीळच, दुसरा शाबूत हत्ती नाही. ते पुढच्या घरात ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, “खाल्ला की!” खायचाच होता. हत्ती जाऊन उंट मिळणार, म्हणजे शाळेतल्या हिशेबानं पाच देऊन तीन घेणार. रेशेव्स्कीनं तो लगेच घेतला नाही, एका खेळीनंतर घेतला. एफ पट्टीतलं काळं प्यादं ई६ वर येऊन बसलं, पांढऱ्याची वाट बंद झाली, घोडा ई७ वरून डी५ वर गेला, आणि त्याला त्याच नव्या प्याद्याचा जोर मिळाला. जोर हा काकांचा आवडता शब्द. आपल्याकडचे जुने खेळाडू मोहऱ्याला आधार आहे का असं विचारत नाहीत, “जोर आहे का?” असं विचारतात. आता पांढऱ्याकडे हत्ती जास्त होता, पण त्या हत्तीनं जायचं कुठं? सगळे रस्ते त्याच्याच प्याद्यांनी बुजलेले. चार-पाच खेळ्यांत रेशेव्स्कीलाही आपला एक हत्ती उंटापायी देऊन टाकावा लागला. ४१ व्या खेळीला डाव बरोबरीत सुटला.

बरोबरीत. एवढं सगळं करून बरोबरीत! मी वैतागायचे. काकांचा चेहरा मात्र लग्नात जेवून उठलेल्या माणसासारखा व्हायचा. “अगं, स्वतःच्याच हत्तीची अडचण होती,” ते म्हणायचे. “सगळं आपलं आपल्याजवळ राहावं म्हणून माणूस बसून राहतो. यानं उठून जागा करून दिली.”

हत्ती देऊन उंट किंवा घोडा घेणं, ही पुढं पेट्रोस्यानची सहीच झाली. ताल द्यायचा तो लगेच वसूल करायला, राजाला मात करायला. पेट्रोस्यान देऊन गप्प बसायचा. दिल्याबद्दल त्याला फक्त एखादं चांगलं घर हवं असायचं, किंवा समोरच्याच्या एखाद्या मोहऱ्याचं आयुष्यभराचं बेकार होणं. हे बघायला डोळा वेगळा लागतो. पटावर जे घडलं नाही ते बघायचं असतं.

आणि तरी तो काही यंत्र नव्हता. १९५६ साली ॲमस्टरडॅमला ब्रॉनस्टाइनविरुद्ध त्यानं पांढऱ्या मोहऱ्यांनी असा फास आवळला होता, की बिचाऱ्या ब्रॉनस्टाइनला घोडा इकडून तिकडं नाचवण्यापलीकडे खेळीच उरली नव्हती. नाचता नाचता घोडा एफ५ वर आला आणि पेट्रोस्यानच्या वजिराकडे बघायला लागला. ज्याला समोरच्याच्या पोटातलं दहा खेळ्या आधी कळायचं, त्यानं हे बघितलंच नाही. आपल्या घोड्याची खेळी केली, आणि वजीर फुकट गेला. काका हा डाव दाखवायला नेहमी टाळाटाळ करायचे. घरातल्या कर्त्या माणसाची फजिती बाहेर सांगू नये, तसं.

माझी खरी तक्रार दुसरी आहे, आणि ती अजून मिटलेली नाही. १९६२ सालची कुरासाव बेटावरची आव्हानवीरांची स्पर्धा. पेट्रोस्यान, पॉल केरेस आणि येफिम गेलर, तिघेही सोव्हिएत. तिघांनी आपापसांतले सगळे बारा डाव बरोबरीत सोडवले, बरेचसे झटपट. उकाड्यात इतर लोक घाम गाळत असताना हे तिघं ताजेतवाने. पेट्रोस्यान १७.५ गुणांनी पहिला आला, बाकी दोघे अर्ध्या गुणानं मागं. १४ गुणांवर राहिलेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशरनं जाहीर आरोप केला, की हे संगनमत आहे. आरोपात तथ्य नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुढं त्या स्पर्धेऐवजी आव्हानवीरांच्या थेट लढती सुरू झाल्या, यातच काय ते आलं. त्या संबंध वर्षात पेट्रोस्यान एकही डाव हरला नाही, हे खरं. पण न हरण्याचीही एक चटक असते, आणि ती माणसाला पोहायच्या ऐवजी काठाला धरून बसायला लावते.

पुढच्या वसंतात, मार्च ते मे १९६३, मॉस्कोत त्याची तेव्हाच्या जगज्जेत्याशी, बोत्विनिकशी, लढत झाली. पहिलाच डाव पांढऱ्या मोहऱ्यांनी हरला, आणि तोही वाईट हरला. पाचव्या डावात वजीर लवकर निघून गेले आणि मग पेट्रोस्यानचा राजा स्वतः चालत पटाच्या मध्यावर गेला. घाई नाही, दंगा नाही, दुपारी फिरायला निघाल्यासारखा. बोत्विनिकला तो राजा थांबवता आला नाही. शेवटचा हिशेब १२.५ विरुद्ध ९.५, पेट्रोस्यान जगज्जेता. येरेवानच्या चौकात मोठे पट लावून लोक खेळी खेळी बघत होते. त्यानंतर आर्मेनियात मुलांची नावं तिग्रान ठेवायची लाटच आली.

आणि ज्यांना वाटतं की हा माणूस मारायला घाबरायचा, त्यांच्यासाठी १९६६ सालच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला, आव्हानवीर बोरिस स्पास्कीविरुद्धचा दहावा डाव आहे. त्या डावात त्यानं आधी एक हत्ती कमी प्रतीच्या मोहऱ्यापायी दिला, मग दुसरा दिला, आणि तिसाव्या खेळीला वजीर नेऊन स्पास्कीच्या राजाशेजारी, एच८ वर, ठेवला. राजानं तो खायलाच हवा. खाल्ला की घोडा एफ७ वर, शह, आणि त्याच उडीत काळा वजीर मारात. स्पास्कीनं तिथंच डाव सोडला. मला हा डाव कळला त्या दिवशी मी काकांवर रागावले होते, की हा आधी का नाही दाखवलात? ते म्हणाले, “हा दाखवला असता तर तू बाकीचे बघितले नसतेस.”

ती लढत तो जिंकला. विद्यमान जगज्जेत्यानं लढत जिंकून पद राखणं १९३४ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. १९६९ मध्ये मात्र स्पास्कीनंच ते पद घेतलं. मध्ये येरेवान विद्यापीठातून त्यानं बुद्धिबळातल्या तर्कशास्त्रावर प्रबंधही लिहिला. फुटबॉलमध्ये तो मॉस्कोच्या स्पार्टाकचा कट्टर चाहता, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. म्हणजे कुठंतरी तोही आरडाओरडा करत होता.

१९७१ मध्ये ब्युनोस आयर्सला आव्हानवीरांच्या अंतिम लढतीत समोर फिशर आला, तोवर फिशर माणूस राहिला नव्हता, पूर झाला होता. आधीच्या दोन लढतींत तैमानोवला ६-०, लार्सनला ६-०. पहिला डाव फिशरनं घेतला. दुसरा पेट्रोस्यानानं. फिशरच्या सलग विजयांची ती अजस्र मालिका तुटली ती याच बिनआवाजी माणसाच्या हातून. मग तीन बरोबऱ्या, आणि त्यानंतर बांध फुटला. ओळीनं चार डाव गेले. ६.५–२.५. काकांच्या वहीत दुसरा डाव आहे. शेवटचे चार नाहीत.

त्याच वर्षी त्याआधी, सेव्हिलला जर्मनीच्या रॉबर्ट ह्यूब्नरशी गाठ होती. खेळायची जागा गोंगाटाची. ह्यूब्नर हैराण. पेट्रोस्याननं श्रवणयंत्र बंद केलं आणि खेळत राहिला. सातवा डाव हरल्यावर ह्यूब्नर लढत सोडूनच गेला. हा किस्सा काकांनी मला किती वेळा सांगितला असेल, याची मोजदाद नाही. सांगताना खिशातल्या डबीवर हात असायचा. पुढच्या वर्षी स्कोप्येच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेत, ह्यूब्नरनं त्याचं उट्टं काढलं, पेट्रोस्यानच्या घड्याळातली वेळ संपली आणि तो तेवढ्यानं हरला. ऑलिम्पियाडच्या दहा स्पर्धांत, सव्वाशेहून जास्त डावांत, त्याची तेवढी एकच हार. हे काका सांगत नसत. ते मी मागाहून शोधलं.

मी पुढं पुण्यात मुद्रितशोधनाच्या कामात पडले. पस्तीस वर्षं तेच करते आहे. सुटलेली वेलांटी लेखकापासून प्रकाशकापर्यंत सगळ्यांना दिसते, पकडलेल्या हजार वेलांट्या कुणाला दिसत नाहीत. एका रात्री शब्दकोशाच्या प्रुफांवर डोळे शिणले म्हणून मी उठले आणि झुरिकचा तो डाव सहज मांडला. २५ व्या खेळीला हत्ती पुढं ठेवला आणि पहिल्यांदा पांढऱ्या बाजूनं जाऊन बसले. रेशेव्स्कीच्या जागी. तिथून पट बघितला आणि मला काही करताच येईना. सगळं माझ्याकडे होतं, आणि कुठंच जायला वाट नव्हती. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीत बसलेच नव्हते.

आज आर्मेनियाच्या २००० द्रामच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. २०११ पासून तिथल्या शाळांत बुद्धिबळ सक्तीचं आहे. तीसेक लाख लोकांच्या त्या देशानं २००६, २००८ आणि २०१२ अशी तीन ऑलिम्पियाड जिंकली. त्यातल्या शेवटच्या दोन संघांत एक तिग्रान पेट्रोस्यान होता, नावाआडनावासकट तोच, पण नात्यातला नव्हे. त्याचा जन्म १९८४ च्या सप्टेंबरातला.

पहिला पेट्रोस्यान त्याच्या महिनाभर आधी, १३ ऑगस्टला, मॉस्कोत गेला. पोटाचा कर्करोग, वय ५५. मी तेव्हा अठरा वर्षांची. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. काकांनी त्या वाचल्या, पेपराची घडी घातली आणि कामावर गेले. पाणी चढत होतं, त्यांना रजा नव्हती. संध्याकाळी मी मैत्रिणीकडे गेले होते. परत आले तेव्हा ओसरीवर पट मांडलेला होता, एका बाजूला खातेवही उघडी, आणि पटाच्या मधोमध, पांढऱ्या उंटाच्या तोंडी, रीळ. त्यापुढची खेळी केलेली नव्हती.

पानं वाढल्यावर काका येऊन बसले. काकूनं आमटी वाढता वाढता त्यांच्या हाताकडे बघितलं. अंगठा आणि दोन बोटं निळी.

“आज कोण आलं होतं हो खेळायला?”

काकांनी भात कालवला. खिशातलं यंत्र बंद होतं.